‘किती छान बारीक झालीस गं!’

निशिगंध (धागाकर्ती) | ८ फेब्रुवारी, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. मी एरवी पाककृतींच्या विभागात सापडते. डाळिंब्यांच्या उसळीत गूळ किती यावरून गेल्या वर्षी इथे जी जुंपली होती, त्यातली एक मी. आज विषय जड आहे. लेकीला विचारून लिहितेय. तिने मजकूर वाचला, दोन वाक्यं खोडायला लावली, ती खोडलीत. इथे तिला चिऊ म्हणू. वय चौदा, नववीत.

गेल्या मे महिन्यात साताऱ्याला भाचीचं लग्न होतं. मांडवात पाऊल टाकल्यापासून जो तो चिऊला तेच म्हणत होता: ‘अगं, किती छान बारीक झालीस गं! काय केलंस, आम्हालाही सांग की.’ उत्तरं मी देत होते. ‘काही नाही हो, साखर सोडलीय, बाहेरचं बंद. आम्ही कुणी सांगितलं नाही, तिची तीच. फार शिस्तीची आहे.’ अभिमानाने सांगत होते, खोटं कशाला बोलू. ती शेजारी उभी. पंगतीत तिने आपली जिलबी माझ्या पानात सरकवली आणि मी ती खाल्ली.

आता मागे वळून बघते तर सगळं ओळीने दिसतं. आदल्या दिवाळीनंतर साखर गेली. मग भात. मग ‘पोळी नको, भाकरी’. मग भाकरी अर्धी. मग एकदम संकष्टी, एकादशी सुरू. आमच्या घरात सासूबाई सोडल्या तर कुणी उपास करत नाही. त्या तर इतक्या खूश, ‘नात माझ्यावर गेली’ म्हणून साऱ्या बिल्डिंगला सांगून आल्या. उपासालाही ती खिचडी घ्यायची नाही, फक्त ताक. डबा रोज रिकामा परत यायचा. पाळी चुकली तर मी म्हटलं, या वयात होतं मागेपुढे. केस गळायला लागले तर बोअरचं पाणी. भर मे महिन्यात ती स्वेटर घालून बसायची, तर एसी बंद केला. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे कारण तयार होतं.

श्रावणात तिच्या वर्गातल्या एका मुलीची आई भेटायला आली. बिचारी फार संकोचत होती. म्हणाली, माझी मुलगी सांगते की चिऊचा डबा रोज तीच खाते. आणि मग फोनवर तिने मला चिऊचं दुसरं इन्स्टाग्राम अकाउंट दाखवलं. पहिल्यावर आम्ही सगळे आहोत, मावशा, आत्या, मी. दुसऱ्यावर साठेक जणी, सगळ्या हिच्याच वयाच्या, हिच्यासारख्याच. त्यावर मी भरून दिलेल्या डब्यांचे फोटो. रोजचा डबा, खाली एक आकडा, आणि त्यावर काट. माझ्या हातच्या मेथीच्या पराठ्यांवर बाहेरगावच्या कुणी तरी लिहिलं होतं: ‘स्ट्राँग राहा, हात लावू नकोस.’

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी नाडी बघितली, ‘खात जा गं, हे काय वय आहे का डाएटचं’ म्हणाले आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. त्यात तीन आठवडे गेले. मग एका मैत्रिणीने हात धरून मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. तिथे पहिल्यांदा शब्द ऐकला, ॲनोरेक्सिया. स्वतःला उपाशी ठेवत जाण्याचा मनाचा आजार.

मी घरी येऊन पहिलं काम केलं ते फोन काढून घेतला. बारा दिवस. तेराव्या दिवशी चिऊ म्हणाली, ‘आई, रील्स मी नंतर बघायला लागले. आधी आत्या म्हणाली होती, दंड अगदी आईवर गेलेत हिचे, स्लीव्हलेस नको घालूस.’ म्हणून तिने ‘दंड कमी करण्याचे व्यायाम’ शोधले. एकदाच. पुढचं काही शोधावं लागलं नाही, तिकडूनच येत राहिलं. दंडांनंतर मांड्या, मग कॉलरबोन, मग ‘मी दिवसभरात काय खाते’. मी म्हटलं, मग दोष आत्याचा की फोनचा? तर म्हणते, ‘आत्या दिवाळीला एकदा बोलली नि गावाला गेली. फोन उशीखाली असतो.’

हे लिहिताना माझ्या स्वतःच्या फोनवर ‘नव्वद दिवस नो शुगर’ नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. दर सोमवारी वजनकाट्याचा फोटो टाकायचा. तो काचेचा काटा मीच मागवला होता, स्वतःसाठी.

तुमच्यापैकी कुणी यातून गेलंय का? फोनचं काय केलंत?

खवचटखंडू | ९ फेब्रुवारी, सकाळी ७.०५

ताई, राग मानू नका. आमच्या लहानपणी सहा भावंडं आणि एक पातेलं. जो उशिरा येईल त्याला करवडलेला भात. कुणाला ॲनोरेक्सिया झाल्याचं ऐकलं नाही. पोट भरलेल्यांचे आजार आहेत हे. फोन पाण्यात टाका आणि मुलीला महिनाभर गावी पाठवा.

ऋता | ९ फेब्रुवारी, सकाळी ९.३०

खंडूकाका, गावी पाठवलं होतं मला. कोकणात. आजीने ताट वाढलं की मी पडवीत नेऊन मांजरांना घालायचे. मांजरं गुटगुटीत झाली.

निशिगंधताई, मी आता सव्वीसची आहे. माझं बारावीनंतर सुरू झालं, पुण्यात हॉस्टेलवर. माझ्या वेळी टम्बलर होतं, ब्लॉग लिहायची साइट. तिथे २०१२मध्येच उपाशी राहायला चिथावणाऱ्या ब्लॉग्जवर बंदी आली होती, इन्स्टाग्रामनेही त्याच वर्षी काही हॅशटॅग बंद केले होते. आम्हाला काही फरक पडला नाही. शब्द बंद झाला की एक अक्षर इकडचं तिकडे करायचं, नवा शब्द तयार. त्या जगात नवीन आलेल्या मुलीला हे सगळं दोन दिवसांत कळतं.

पण मला लोकांना सांगायचं असतं ते दुसरंच. मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत केकचे व्हिडिओ बघायचे. चॉकलेट वितळतंय, लोणी फेटलं जातंय. हॉस्टेलमधल्या पोरींना वाटायचं ही किती खादाड! रूममेटसाठी मी मॅगीत काय काय घालून द्यायचे आणि ती खाताना समोर बसून बघायचे. ताई, चिऊ तुमच्यासाठी काही करते का स्वयंपाकघरात? रेसिपी साठवते का?

निशिगंध | ९ फेब्रुवारी, सकाळी १०.१५

ऋता, वाचून अंगावर काटा आला. तिने मला मे महिन्यात तीन प्रकारचे चीजकेक करून खायला घातले होते. मी इथे फोटोही टाकला होता! ‘लेकीने केलेला पहिला चीजकेक’. तुम्ही सगळ्यांनी अंगठे दिले होते.

संपादक | ९ फेब्रुवारी, सकाळी ११.००

धागा महत्त्वाचा आहे, चालू राहील. एकच विनंती: कुणीही स्वतःचं वा मुलांचं वजन, कॅलरीचे आकडे, उलटी किंवा उपाशी राहण्याच्या युक्त्या लिहू नयेत. हे वाचणाऱ्यांत त्या आजाराची माणसं असू शकतात आणि आकडा दिसला की त्यांची स्पर्धा सुरू होते. काल रात्रीचे दोन प्रतिसाद त्यामुळे झाकले आहेत.

मनकवडी | ९ फेब्रुवारी, दुपारी २.५०

मी याच क्षेत्रात काम करते. जरा लांबण लागेल.

ऋताने सांगितलेल्या केकच्या व्हिडिओंना ऐंशी वर्षांपूर्वीचा दाखला आहे. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं, तेही त्यांच्या संमतीने. महायुद्धात उपाशी पडलेल्या लोकांना पुन्हा खातंपितं कसं करायचं, हे शोधायचं होतं. त्या तरुणांना आपण जाड आहोत असं मुळीच वाटत नव्हतं, रील्स तर सोडाच. तरी काही आठवड्यांत ते पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले, ताट चाटून पुसून खायला लागले, एक घास घोळवत बसायला लागले, चिडचिडे झाले, सतत थंडी वाजायला लागली. काही जण पुढे स्वयंपाकाच्याच धंद्यात गेले. म्हणजे आपण ज्याला मुलीचा हट्ट म्हणतो, त्यातला बराच भाग ही उपाशी मेंदूची लक्षणं असतात. स्वेटर, चीजकेक, चिडचिड, सगळं. म्हणून आधी पोटात अन्न जावं लागतं. उपाशी माणसाशी मनाच्या गोष्टी करून उपयोग होत नाही.

खंडूजी, आजार फोनने जन्माला घातलेला नाही, इथवर तुमच्याशी सहमत. ॲनोरेक्सिया हे नाव लंडनच्या विल्यम गल यांनी १८७३मध्ये दिलं. बुलिमियाला, म्हणजे खूप खाऊन मग ते उलटून टाकण्याच्या आजाराला, १९७९मध्ये नाव मिळालं. पण ‘पोट भरलेल्यांचे’ म्हणाल तर फिजी बेटांवरचं उदाहरण ऐका. तिथल्या नाद्रोगा भागात १९९५मध्ये टीव्ही पोचला. त्या समाजात अंगाने भरलेलं असणं म्हणजे घरच्यांनी नीट सांभाळल्याची खूण. आपल्याकडे ‘बाळसं धरलंय’ म्हणतात तशी. ॲन बेकर नावाच्या संशोधिकेने टीव्ही आला त्या सुमारास शाळकरी मुलींना प्रश्नावली दिली आणि तीन वर्षांनी पुन्हा दिली. खाण्याच्या आजाराचा धोका दाखवण्याइतके गुण त्या प्रश्नावलीत मिळालेल्या मुली १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेल्या. वजन कमी करण्यासाठी मुद्दाम उलटी करणारी आधी एकही नव्हती, तीन वर्षांनी ११.३ टक्के. मुली थोड्या होत्या, साठ-पासष्टच दर वेळी. पण घरात संच नसलेल्यासुद्धा शेजारी जाऊन बघत होत्या.

आणि तो टीव्ही होता. सगळ्यांना एकच दाखवायचा आणि रात्री बंद व्हायचा. चिऊच्या फोनला तिचे दंड ठाऊक आहेत. लाइक करायचीही गरज नसते. एखाद्या व्हिडिओवर बोट किती वेळ थबकलं, एवढं त्याला पुरतं. जे बघून वाईट वाटतं त्यावरही बोट थबकतंच. ते आवडलं म्हणून थबकलं की टोचलं म्हणून, हे यंत्राला कळत नाही.

कंपनीला हे ठाऊक होतं का? इन्स्टाग्राम फेसबुकच्याच मालकीचं. २०२१मध्ये तिथे काम केलेल्या फ्रान्सिस हॉगन यांनी फेसबुकची आतली कागदपत्रं बाहेर आणली. त्यातल्या एका पाहणीत ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी म्हटलं होतं की आपल्या शरीराबद्दल वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाईट वाटतं. कंपनीचं म्हणणं होतं की सोयीचा तुकडा उचललाय, बऱ्याच मुलींना इन्स्टाग्रामचा आधारही वाटतो. दोन्ही खरं असू शकतं. माझ्याकडे येतात त्या पहिल्या गटातल्या.

आपल्याकडचा एक घोळही सांगते. भारतातल्या कित्येक मुली ‘मला जाड व्हायची भीती वाटते’ असं म्हणतच नाहीत. ‘भूक नाही’, ‘पोट फुगतं’, ‘गच्च वाटतं’, ‘उपास आहे’ म्हणतात. मग त्या पोटाच्या डॉक्टरांकडे फिरत राहतात, एंडोस्कोपी होते, जंताचं औषध होतं. निशिगंधताई, तुमचे तीन आठवडे गेले. माझ्याकडे दोन वर्षं घालवून आलेल्या मुली आहेत.

हे हट्टाचं प्रकरण समजू नका. मानसिक आजारांत सर्वाधिक जीव घेणाऱ्यांपैकी हा एक आहे. हृदयाचे ठोके मंदावतात, पोटॅशियम घसरतं. चक्कर, छातीत धडधड, पाणीसुद्धा नको म्हणणं, यातलं काही दिसलं तर वाट बघू नका, सरळ दवाखाना गाठा. आणि खूप दिवस उपाशी असलेल्या मुलीला घाबरून एकदम भरपूर खायला घालू नका, त्यानेही रक्तातले क्षार कोसळतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वाढवायचं.

पुणेरी_जोडे | ९ फेब्रुवारी, दुपारी ४.२०

सगळं पटलं, पण दुसरी बाजू? आपल्याकडे मधुमेह घरोघरी आहे. मुलं दिवसभर बसून असतात. वजनाबद्दल बोलायचंच नाही, असं कसं चालेल? दीक्षितांचं दोन वेळा जेवण असो की दिवेकरांचं तूप-भात, लोकांना निदान विचार तरी करायला लागलं.

झणझणीत | ९ फेब्रुवारी, दुपारी ४.२५

आलं! दीक्षित की दिवेकर आलं! कुणी तरी ५५ मिनिटांचं घड्याळ लावा.

संपादक | ९ फेब्रुवारी, दुपारी ४.४०

त्यासाठी २०१८चा धागा अजून उघडा आहे, साडेसातशे प्रतिसादांचा. तिकडे जा.

मनकवडी | ९ फेब्रुवारी, सायंकाळी ५.३०

जोडेसाहेब, प्रश्न रास्त आहे. पण उत्तर तुमच्याच पुण्यात आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक जोडफोटो २००४मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ भारतीय माणूस आतून चरबीदार असू शकतो. म्हणजे मधुमेहाच्या भीतीने बारीक ‘दिसण्याच्या’ मागे लागण्यात अर्थ नाही. रक्त तपासा, चाला, झोपा. चौदा वर्षांच्या मुलीच्या दंडांवरून तिच्या साखरेबद्दल काहीच कळत नाही. आत्यालाही कळलं नव्हतं.

सुलभा_काकू | ९ फेब्रुवारी, रात्री ८.१०

माझं स्थळ बघताना १९७४ साली माझ्या सासऱ्यांनी विचारलं होतं, ‘मुलगी अंगाने जरा कमीच आहे, काही आजार वगैरे?’ आईने दोन महिने डिंकाचे लाडू घातले मला. आणि आता नातीसाठी स्थळं बघतोय तर मंडळाच्या फॉर्मवर ‘सडपातळ’वर खूण करायला रकाना आहे. बाई माणसाचं अंग कधी कुणाला बरोबर वाटलंय का?

पण मीसुद्धा म्हणते हो. नात आली की पहिलं वाक्य तेच, ‘सुटलीस गं जरा’ नाहीतर ‘वाळलीस गं’. दुसरं काय बोलायचं हे सुचतच नाही दारात.

घाटावरचा | ९ फेब्रुवारी, रात्री ९.४५

पोरींचंच चाललंय म्हणून लिहितो. आमच्याकडं कोल्हापुरात पोरांचं उलटं आहे. माझे आजोबा तालमीत जायचे. खुराक म्हणजे दूध, थंडाई, बदाम, मटण, आणि वस्ताद डोळ्यादेखत खायला लावायचे. जोर-बैठका मारून अंग व्हायला वर्षं जायची, त्याची कुणाला घाई नव्हती. आरसाही नव्हता तालमीत, मारुती होता. आता गल्लीत तीन जिम, चारी भिंतींना आरसे, आणि पोरं दर सेटला फोन उभा करून शूट करतात.

माझा पुतण्या. एकोणीस वर्षांचा. दिवसाला डझनभर अंडी, पिवळं काढून. पावडरचा डबा आमच्या महिन्याच्या वाणसामानाएवढ्या किमतीचा. गणपतीला मोदक खाल्ला नाही. त्यानं फॉलो केलेला एक जण म्हणे ‘नॅचरल’ आहे. जिमच्या पोरानं सुई दिली, कसली ते विचारायचं नाही. पाठीवर हे एवढाले फोड आले तेव्हा वहिनीला कळलं. अजून आरशात बघून म्हणतो, ‘काका, मी बारीक दिसतो का?’ दंड माझ्या मांडीएवढा आहे त्याचा.

आणि घरात सगळे खूश. पोरगं दारू पीत नाही, तंबाखू खात नाही, व्यायाम करतंय.

मनकवडी | ९ फेब्रुवारी, रात्री १०.२०

घाटावरचे दादा, याला १९९३च्या एका शोधनिबंधात ‘उलटा ॲनोरेक्सिया’ म्हटलं होतं, हल्ली मसल डिसमॉर्फिया म्हणतात. पुतण्याचं यकृत, रक्तदाब, हृदय तपासून घ्या आणि सुईबद्दल डॉक्टरांना खरं सांगायला लावा. इंजेक्शन स्वतःच्या मनाने एकदम थांबवलं तर मूड जबरदस्त खचू शकतो, तेव्हा एकटं सोडू नका.

टोरांटोकर | १० फेब्रुवारी, पहाटे ५.३५

इथे संध्याकाळ आहे. फोनच्या प्रश्नावर कुणीच आलं नाही म्हणून लिहितो. कॅनडात ओटावाला एक प्रयोग झाला होता, २०२३मध्ये छापून आला. १७ ते २५ वयाचे २२० विद्यार्थी, आधीच चिंता किंवा उदासी असलेले. निम्म्यांना सांगितलं, सोशल मीडिया दिवसाला एक तास. बाकीच्यांना मोकळीक. तीनच आठवड्यांत पहिल्या गटाला स्वतःचं दिसणं आणि वजन याबद्दल आधीपेक्षा बरं वाटायला लागलं. मुलगे-मुली दोघांनाही. गंमत म्हणजे एक तास कुणाला तंतोतंत पाळता आलाच नाही, सरासरी सव्वा तासाच्या वर होती. वापर निम्म्यावर आला, तेवढ्याने फरक पडला.

सरकारी बंदीबद्दल मी साशंक आहे. ऑस्ट्रेलियाने २०२५च्या डिसेंबरात सोळाखालच्यांची अकाउंटं बंद करायला लावली. बघू. भारतात २०२०च्या जूनमध्ये टिकटॉक गेलं आणि जुलैत इन्स्टाग्रामवर रील्स आली, ते आठवतंय ना?

ऋता | १० फेब्रुवारी, सकाळी ९.००

फोन पूर्ण काढून घेऊ नका, एवढं मी ठामपणे सांगेन. माझा काढला तेव्हा बरं व्हायला मदत करणाऱ्या दोन मैत्रिणीही गेल्या. दुसरं अकाउंट मात्र तिच्या हाताने बंद होऊ दे. मी एका रविवारी बसून चारशेहून जास्त जणांना अनफॉलो केलं होतं आणि मुद्दाम दुसरंच बघत बसले. कुंभारकाम, रेल्वे, घोरपडी. घोरपडींवर बोट मुद्दाम थांबवून ठेवायचे. दीड-दोन आठवड्यांत पान बदललं. अजूनही माझ्या फोनला वाटतं की मला सरपटणाऱ्या प्राण्यांत फार रस आहे.

झणझणीत | १० फेब्रुवारी, सकाळी ९.१०

घोरपडींना +१

खवचटखंडू | १० फेब्रुवारी, दुपारी १२.३०

काल लिहिलं ते रात्री मिसेसना वाचून दाखवलं. ती म्हणाली, तुमची धाकटी बहीण लग्नाआधी वर्षभर जेवत नव्हती, आठवतंय का? देवीचं अंगात आहे म्हणून नारळ फोडून आणला होता तुम्ही. मला आठवत नव्हतं. आता आठवतंय. पातेलं एक होतं त्यामुळे कोण जेवलं नाही हे कळायचंच नाही.

निशिगंध | १० फेब्रुवारी, रात्री ११.१५

सगळ्यांना वाचतेय. खंडूदादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

आमच्याकडे सध्या काय चाललंय ते लिहिते, कुणाच्या उपयोगी पडलं तर. आम्हाला सांगितलेली पद्धत लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात तयार झालेली आहे म्हणे. औषध म्हणजे जेवण, आणि ते द्यायचं आईबापांनी. काही काळ मुलीने काय, किती, कधी हे ठरवायचंच नाही. आपण वाढायचं, शेजारी बसायचं, ताट संपेपर्यंत उठायचं नाही. ओरडायचं नाही, विनवायचं नाही, ‘माझ्यासाठी एक घास’ तर अजिबात नाही. दिवसातून पाच वेळा. तिन्ही जेवणं आणि मधली दोन खाणी.

लिहायला सोपं आहे. पहिल्या आठवड्यात दीड पोळीला सव्वा तास लागायचा. ती भाजीतलं तेल पोळीच्या कडेने टिपायची, मी बघत बसायचे. एकदा तिने वाटी भिंतीवर मारली, आमटीचा डाग अजून आहे. नवऱ्याने ऑफिसला सांगून दुपारचं जेवण घरी करायला सुरुवात केली. शाळेतला डबा बाई स्वतःसमोर बसवून खायला लावतात, त्यांचे उपकार कधी फिटायचे नाहीत. यांनी जेवताना बोलायला विषय हवा म्हणून जुनी शब्दकोडी आणली, तर आता आम्ही तिघं आडवे-उभे शब्द लावत जेवतो. ती म्हणते, ‘बाबा, तुम्हाला एकही शब्द येत नाही.’ खरंच येत नाही त्यांना.

सासूबाईंना समजावणं सगळ्यात अवघड गेलं. देवाच्या नावाने सोडलेलं अन्न मोडायला लावायचं म्हणजे पाप, असं त्यांच्या मनात. शेवटी त्यांनीच तोडगा काढला. म्हणाल्या, तिच्या वाटणीची संकष्टी मी करीन, तिने माझ्या वाटणीचा मोदक खायचा. गेल्या गुरुवारी अंगारकी नव्हती, साधीच होती, पण मोदक झाले. एक खाल्ला, दुसरा रडून खाल्ला.

नणंदेशी बोलणं झालंय, बरं झालं नाही. ‘मी काय वाकडं बोलले, प्रेमानेच म्हटलं’ असं तिचं. होळीला येणार आहे ती. मी तिला एवढंच सांगितलंय की दारात चपला काढताना परीक्षेबद्दल विचार, मांजराबद्दल विचार, अंगाबद्दल काही बोलू नकोस. चांगलंसुद्धा नको. ‘आता छान भरलीस’ हे वाक्य तर सगळ्यात घातक, डॉक्टरांनीच सांगितलंय. भरलीस म्हटलं की ही दुसऱ्या दिवशीपासून ताट ढकलणार.

फोन रात्री नऊनंतर हॉलमध्ये चार्जिंगला, आमचे तिघांचेही. माझा ग्रुप मी सोडला. सोडताना कारण लिहिलं, तर चौघींनी खाजगीत मेसेज केले की आमच्याही घरी असंच काही आहे का ते कळत नाही. काटा भंगारवाल्याला दिला. त्याने तिथेच त्यावर उभं राहून चालतो का बघितला.

वाचनमात्र | ११ फेब्रुवारी, रात्री १.५०

सहा वर्षं फक्त वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितो. मुलगा सतरा वर्षांचा. जेवल्यावर लगेच अंघोळीला जातो, दोन्ही वेळा. बादलीचा नळ सोडून ठेवतो. दात आंबलेत म्हणून नेलं तर दाताच्या डॉक्टरने मला बाहेर बोलावून विचारलं, याला सारख्या उलट्या होतात का. मी म्हटलं, ॲसिडिटी आहे. घरी आल्यापासून हा धागा वाचतोय. मुलांना हे होतं का? आम्ही तालुक्याच्या गावी राहतो, इथे असे डॉक्टर नाहीत. त्याच्या आईला अजून बोललो नाही.

मनकवडी | ११ फेब्रुवारी, सकाळी ६.४०

होतं, मुलांनाही होतं. दाताच्या डॉक्टरांनी बरोबर ओळखलंय, ते चांगले आहेत, त्यांना धरून राहा. आज सकाळीच जवळच्या एमडी डॉक्टरांकडे रक्त तपासायला न्या. पोटॅशियम बघायला सांगा आणि ईसीजी काढायला सांगा. चक्कर किंवा धडधड असेल तर तालुक्यात थांबू नका, जिल्ह्याला न्या. १४४१६ हा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात, फुकट. तुमच्या जिल्ह्यात कोण आहे तेही विचारा. त्याला रागावू नका. दाराबाहेर पहारा करू नका. जेवल्यावर तासभर काही तरी निमित्त काढून सोबत बसा.

निशिगंध | ११ फेब्रुवारी, सकाळी ६.५५

वाचनमात्र, मी जागीच आहे. जिल्हा कोणता? व्यनि (खाजगी निरोप) केलाय, बघा. आणि त्याच्या आईला आजच सांगा, एकट्याने नाही जमत हे.

वाचनमात्र | ११ फेब्रुवारी, सकाळी ७.३०

व्यनि मिळाला. ती चहा टाकतेय. बोलतो.